अप्पांची चेतक चालू करायची आहे, पण डिकीवरच्या पोच्याचं काय करू?

वाईचा_नातू:
आजोबांची ८४ सालची बजाज चेतक आमच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे. ७७ ला नंबर लावला तेव्हा कुठे ८४ ला हातात आली. अप्पा २०११ मध्ये गेले, तेव्हापासून किक मारलेली नाही. काका म्हणतात भंगारात द्या. मला चालवायची आहे.

अप्पा रोज शाळेला निघताना आधी तिला आडवी करायचे, मग किक. तिसऱ्या किकेला नाही लागली की प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे. तोवर मी पायाशी, हँडलच्या मागे उभा राहून तोंडाने फर्रर्र करून घ्यायचो. पसरणी घाटात मध्येच थांबायचे, म्हणायचे, "तिला धाप लागलीय." मला ते खरंच वाटायचं. आजी मागे एका अंगाला बसलेली, नऊवारीत, एक हात स्टेपनीला धरून.

तर पोचा. ८९ च्या उन्हाळ्यात आजीला स्कूटर शिकायची हुक्की आली. त्यासाठी पाचवारी नेसून शाळेच्या मैदानावर आली. क्लच एकदम सोडला आणि डावी डिकी कंपाउंडच्या भिंतीला. अप्पा जन्मभर सगळ्यांना सांगत राहिले, "माझ्याच हातून धडकली." पाहणारा मी एकटा होतो, सहा वर्षांचा.

मेकॅनिक म्हणतो, पत्रा ठोकून रंग मारून नवी करून देतो. काढू का पोचा? आणि कागद अजून अप्पांच्या नावावर आहेत.

टू_स्ट्रोक_कोल्हापूर:
पत्र्याचं नंतर बघा हो. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, टाकी, कॉक, कार्बोरेटर धुऊन घ्या. थेट किक मारू नका. प्लग काढून बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये, चमचाभर टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, मग किक हाताने हळू दाबा. फिरली तर निम्मं काम झालं. केबली, रबरं सगळी नवी. पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली ऑइल, पंपावर आता कुणी आठवण करणार नाही.

कागदवाला:
मृत मालकाची गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती, म्हणजे काकांची सहीसुद्धा. तेव्हा त्यांच्याशी भांडू नका. १५ वर्षं उलटल्यामुळे फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आहेच.

लुनावाली:
आमच्या आजोबांची लुना आईने न विचारता विकली. तिच्या पेडलवर मी सायकल शिकले होते. पोचा राहू द्या. बाकी तुमच्या आजी आहेत का? त्यांनाच विचारा ना!

वाईचा_नातू:
लुनावाली, हे मला सुचलंच नव्हतं. आजी ८३ वर्षांची आहे. काल ताडपत्री काढली, खुर्ची पडवीत आणली. म्हटलं, काढू का पोचा? ती बराच वेळ त्यावर हात फिरवत बसली. मग म्हणाली, "काढू नको. पण यांनी मला परत कधी बसू दिलं नाही रे. क्लच यातला कुठला?"

डावा हात धरून दाखवला. तिने दाबून पाहिला, हलेना. केबल जाम आहे. आज नवी आणायला चाललोय.