घरचं कुत्रं गेल्यावर... (अनुभव लिहा)

सायली_प
काल दवाखान्याचा मेसेज आला, "आपल्या शेरूचे रेबीजचे वार्षिक लसीकरण बाकी आहे." हे आपोआप येतात, कुणाला दोष नाही. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि उत्तर पाठवलं, "बरं, आणतो." मी विचारलं असं का लिहिलंत, तर म्हणे उगाच त्यांना कशाला ओशाळं करायचं. मग बराच वेळ बाल्कनीत.

लॅब्रॅडॉर होता, किडनी गेली. ही जात साधारण १० ते १२ वर्षं जगते हे आणतानाच माहीत होतं. माहीत असून काय उपयोग. घरात कुणी विषय काढत नव्हतं, मेसेजने सगळं वर आलं. तुमचंही लिहा, लांब-आखूड कसंही.

ऊनसावली
अगं वाचूनच भरून आलं. आमची राणी टिक फिव्हरने (गोचिडांचा ताप) गेली. हिरड्या पांढऱ्याफटक. कुकर लावलाय, नंतर लिहिते

गजाभाऊ
आमचा बंड्या. आयुष्यभर चपला खाल्ल्या. आता सगळे जोड शाबूत आहेत आणि तेच बघवत नाही.

चहाटळ
बंड्या?? माझ्या धाकट्या दिरांना घरी बंड्याच म्हणतात 😄

गजाभाऊ
चपला खातात का?

चहाटळ
चपला सोडून सगळं खातात

निशाचर
मला जाण्यापेक्षा कायमचं झोपवायच्या इंजेक्शनचा निर्णय छळतो. सही मी केली. भाऊ बाहेर थांबला, मी आत. डोळे उघडेच राहिले, आणि सगळं संपल्यावर एक मोठा श्वास आला. मी ओरडलेच, अहो जिवंत आहे तो! डॉक्टर तोवर सामान आवरत होते. आधी कुणी काही सांगितलंच नव्हतं.

पशुवैद्य_होतेय (शेवटचं वर्ष)
निशाचर ताई, हे आधी सांगायलाच हवं होतं. आधी गुंगीचं देतात, मग भुलीच्याच औषधाचा मोठा डोस. मेंदू आधी थांबतो, म्हणून शुद्ध आधी जाते, हृदय नंतर. डोळे मिटायला स्नायूंचा जोर लागतो, तो उरत नाही. नंतरचा श्वास, अंग थरथरणं, लघवी होणं या शरीराच्या आपोआप हालचाली. त्याला काही कळत नव्हतं, खरंच.
सायली, बाबा स्वतःला बोल लावत असतील तर सांग: रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) वाढलेलं दिसतं तेव्हा किडनीचं साधारण पाऊण काम आधीच गेलेलं असतं. तोवर कुत्रं नेहमीसारखं हुंदडत असतं.

सायली_प
हे त्यांना वाचून दाखवते. "पाणी जास्त पीत होता, मला कळायला हवं होतं" हेच घोकतायत.

निशाचर
थँक्यू ग. त्या श्वासाचं कुणाला विचारायचंही धाडस झालं नव्हतं.

मनीमाऊ
मांजरवाल्यांना परवानगी आहे का इथे

गजाभाऊ
या. पण सोफ्यावर बसू नका.

रानवाटा
ऑफिसात काय सांगायचं? कुत्रा गेला म्हणून रजा मागितली असती तर हसले असते. ताप आहे म्हणून कळवलं आणि घरी खरंच ताप आल्यासारखा पडून होतो. वर जो भेटेल तो "दुसरं आण की". अरे, बल्ब आहे का तो?
आम्ही दुसरं आणलेलंही नाही, दुसरी आधीपासूनच होती. तिला त्याचा देह हुंगू दिला. हुंगलं, दोन पावलं मागे सरली आणि त्याच्या जागेकडे पाठ करून बसली. नंतर कितीतरी दिवस भांडं अर्धं टाकायची. तो असताना त्याचंही पळवायची.

पुस्तकी_किडा
जपानचा हाचिको आठवला. मालक १९२५ मध्ये वारले, आणि तो १९३५ मध्ये स्वतः मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर त्यांची वाट बघायला येत राहिला. पुतळा आहे तिथे.

गजाभाऊ
बंड्या मी आल्यावर आधी पिशवी हुंगायचा, मग मला. पिशवी रिकामी असली तर मला नाहीच.

ऊनसावली
आले. राणी दार खरवडायची, उघडा म्हणून. रंगारी आला तेव्हा सासूबाईंनी त्याला बजावलं, खालचा वीतभर भाग सोडायचा. तिला घरात आणायला सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच होता बरं का. आता पाहुणे विचारतात रंग संपला का, तर सांगतात हो, संपला.

मनीमाऊ
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा

चहाटळ
आमचे दीर पण कुत्रा पाळायचा म्हणतायत. नाव सुचवा, बंड्या सोडून

सायली_प
चहाटळ 😂 मला एक सांगा, शेरूच्या किडनीच्या खाण्याची न फोडलेली पाकिटं पडून आहेत. मुदत आहे अजून. शेजारच्यांच्या पिल्लाला चालतील का?

पशुवैद्य_होतेय
नको, त्यात प्रथिनं आणि फॉस्फरस मुद्दाम कमी असतात, वाढत्या पिल्लाला नाही चालायचं. तुमच्याच डॉक्टरांना विचार, किडनीचे पेशंट त्यांच्याकडे येतच असतात. उघडलेली औषधं मात्र कुणाला देऊ नकोस.

सायली_प
ओके. बाबांनाच पाठवते घेऊन.

गजाभाऊ
चहाटळ, दिरांना म्हणावं चपला आधी माळ्यावर टाका. नाव मग ठरवू.