इंग्रजी मजकुरातल्या फाजील जोराला नेमका कोणता शब्द वापरावा?

रंकाळाकाठ: कोल्हापुरी चपलांच्या एका इंग्रजी माहितीपत्रकाचे मुद्रितशोधन माझ्याकडे आले आहे. त्यात जागोजागी शब्द कॅपिटल अक्षरांत आहेत, वाक्यांच्या शेवटी तीन-तीन उद्गारचिन्हे आहेत आणि २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची साधी माहितीसुद्धा 'अ‍ॅब्सोल्यूटली'चा टेकू घेतल्याशिवाय उभी राहत नाही. मालकांना इंग्रजीतच शेरा द्यायचा असल्यामुळे 'एम्फॅटिक' लिहिले तर चालेल का?

खडूवाले मास्तर: चालणार नाही. 'एम्फॅटिक' म्हणजे ठाम, ठासून सांगितलेले. मालक ती शाबासकीच समजतील. सरसकट सगळ्याला 'ओव्हरएम्फॅटिक' पुरेल, परंतु दोष कोठे आहे यावर शब्द बदलतो. कॅपिटल अक्षरांच्या माऱ्याला इंग्रजीत 'शाउटिंग' म्हणतात, वस्तू आहे त्याहून मोठी करून सांगितली तर 'हायपरबोलिक', कौतुक उतू जात असेल तर 'गशिंग', आणि भावना ताणून ताणून शैली कृत्रिम झाली असेल तर 'ओव्हररॉट'.

पिंजारी: 'बॉम्बास्टिक' राहिला. 'बॉम्बास्ट' म्हणजे मुळात कपड्यांना फुगीर आकार यावा म्हणून आत भरायचा कापूस. त्यावरून आशय थोडा आणि शब्दांचा फुगारा मोठा अशा भाषेला ते नाव पडले. 'फस्टियन' या जाड्याभरड्या कापडाच्या नावालाही हाच अर्थ चिकटला. (आमच्या घरी गाद्या भरण्याचा धंदा होता, म्हणून हे शब्द लक्षात राहिले.) मात्र तुमच्या पत्रकातले शब्द साधेच आहेत, नुसता आवाज चढलेला आहे, तेव्हा तेथे तो लिहू नका.

खडूवाले मास्तर: आवाज का चढतो, तेही पाहा. 'हीच चप्पल' म्हणताना आपला जोर एका 'च'वर भागतो. इंग्रजीत तसा चिकटणारा प्रत्यय नसल्याने तो वाक्यरचनेतून किंवा तिरप्या अक्षरांतून आणावा लागतो, आणि ते न साधले की लिहिणारा कॅपिटलकडे वळतो. 'व्हेरी व्हेरी' तर आपले 'फार फार'च आहे.

रंकाळाकाठ: दोघांचेही आभार. वर 'ओव्हरएम्फॅटिक' असा शेरा लिहून कॅपिटल शब्दांपुढे समासात 'शाउटिंग' लिहिले. मालकांनी उद्गारचिन्हे तीनांवरून एकावर आणली आहेत. 'व्हेरी' मात्र एकही सोडायला ते तयार नाहीत.