चद्दर, दुप्पटि आणि अभ्रा

सोलापुरात कुणी 'चादर' म्हणालं की समजावं, पाहुणा बाहेरगावचा आहे. आमच्याकडे चद्दर. भौगोलिक मानांकनाच्या नोंदीतही 'सोलापूर चद्दर' असंच आहे, त्यामुळे बोलीतला उच्चार म्हणून कुणी दुरुस्त करायला येऊ नये. आणि फरक नुसता उच्चाराचा नाही. आमच्या घरात चद्दर पांघरायची असे. गादीवर पडायचा तो पलंगपोस. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा खोलीतला मित्र म्हणाला, "चादर मळलीय, काढ." मी पांघरायची घडी उचलून त्याच्या हातात दिली. तो माझ्याकडे बघतच राहिला.

साखर पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत फर्निचर म्हणण्यासारखं फार नव्हतं: एक नवारीचा पलंग, रेक्झिनच्या दोन खुर्च्या, सनमाइका लावलेलं टीपॉय, लोखंडी कपाट आणि ट्रंका. कापडचोपड मात्र भरपूर. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये, शेजारी मागवाले, त्यामुळे चद्दर ही काही विकत घेऊन जपायची वस्तू नव्हती. जेकार्डवरची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरची, जाड दुहेरी वीण; एका बाजूला पांढऱ्यावर लाल मोर, उलटी केली की लालवर पांढरा. कोपऱ्यात कारखान्याचं नाव विणलेलं असायचं, तेही मागून उलटं दिसे. मला अक्षरओळख झाली ती पाटीवर कमी आणि पांघरुणातून, सकाळी न उठता, अशी उलटी अक्षरं लावत जास्त.

आता पलंगपोस. यातला 'पोस' म्हणजे फारसीतला पोश, झाकणारा. मेजपोस, सरपोस तसाच हा पलंगपोस. 'पायपोस'ही त्यातलाच, म्हणजे पायाला झाकणारं ते जोडा-वहाण. बरेच जण तो शब्द 'पुसणे'शी जोडतात आणि दारातल्या पायपुसण्याला पायपोस म्हणतात. मग 'कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही' या म्हणीचं काय करायचं? पायपुसणं पायात कसं घालणार? (आमची आत्या हे मान्य करायची नाही. तिच्या दारातला पायपोस शेवटपर्यंत पायपोसच राहिला.)

पण ज्या शब्दासाठी हे लिहायला बसलो तो 'दुपटं'. आमच्या भिंतीला लागून एक पद्मशाली विणकर कुटुंब होतं. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि घाईत दोन्हीची खिचडी. थंडीचे दिवस, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, त्यांच्याकडे तेलंगणातून पाहुणे उतरलेले. रात्री त्या घरच्या अक्कांनी दारातून हाक दिली, "वहिनी, एक दुप्पटि हाय का? पाव्हण्याला पाहिजे." आईने ट्रंक उघडली आणि धाकट्या बहिणीचं धुऊन ठेवलेलं, पिवळ्या छिटाचं दुपटं काढून दिलं. जेमतेम हातभराचं! अक्का ते दोन्ही हातांनी धरून उभ्या. पलीकडे त्यांचा पाहुणा चांगला सहा फुटी. पुढे कितीतरी वर्षं त्या घरात कुणी पाहुणा आला की आई विचारायची, "दुपट्यात मावतोय ना?"

तेलुगूत आणि कन्नडातही दुप्पटि म्हणजे पांघरायची वा अंथरायची चादर. मराठी दुपटं, दुपट्टा आणि ही दुप्पटि, तिन्हींच्या बुडाशी दोन पदरांचं कापड आहे. तेच कापड एकीकडे बाळाभोवती गुंडाळलं, एकीकडे खांद्यावर गेलं आणि आमच्या शेजारी पाहुण्याच्या अंगावर.

गोधडीच्या बाबतीत असा घोटाळा कधी झाला नाही, कारण तिथे प्रत्येकाचा शब्दच वेगळा. आजी वाकळ म्हणायची, आई गोधडी, अक्कलकोटकडच्या मावशी कौदी, अक्का बोंत. वस्तू एकच: जुन्या इरकली लुगड्यांचे थर, वरून धावदोरा. चार शब्दांची एक गोधडी करता येईल.

अभ्र्याचं मला सातवीपर्यंत वाटायचं, अभ्र म्हणजे ढग, उशी मऊ, म्हणून अभ्रा. छान वाटतं, पण तसं नाही. फारसीत दुहेरी कपड्याचा बाहेरचा पदर तो अब्रा आणि आतला तो अस्तर. अस्तर शिंप्याकडे आहे तसा राहिला, अब्रा उशीवर चढला आणि वाटेत ब चा भ झाला. उशी मात्र आपलीच, संस्कृत उच्छीर्षकावरून आलेली. आमचे अभ्रे मॅटीच्या कापडाचे, त्यावर आईने दोऱ्याने 'गुड नाइट' भरलेलं. टाके जाड होते. कूस बदलली नाही तर सकाळी गालावर 'गुड' उमटलेलं असे, तेही उलटं.

टीपॉयचा चहाशी संबंध नाही, हे बहुतेकांना ठाऊक असेल. आपली तिपाई, म्हणजे तीन पायांची, इंग्रजांनी नेली आणि टीपॉय करून परत दिली. आमच्याकडच्या टीपॉयला चार पाय होते. कपाटाचा प्रवास याहून मजेदार. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी, आपलं कवाड त्यावरूनच. केदारनाथचे कपाट उघडले, असं हिंदी बातमीत आलं की आजीला वाटे, तिथे देवाचे दागिने ठेवलेलं काही असणार. खुर्चीचं मूळ अरबी कुर्सी. अक्का 'कुर्ची' म्हणायच्या, म्हणजे क मुळातला आणि च आपल्यासारखा.

शेवटी एक शंका, ती जाणकारांनी सोडवावी. सतरंजी हा शब्द शतरंजवरून, आणि शतरंज आपल्या चतुरंगावरून. म्हणजे तिच्यावर पटासारखे चौकोन हवेत. आमच्या सतरंजीवर एकही चौकोन नव्हता, नुसते निळे-लाल पट्टे. त्याहून मोठं, लग्नकार्यात चार जणांनी धरून अंथरायचं, त्याला मात्र सगळे जमखाना म्हणत. कन्नडात जमखाना आहेच, नवलगुंदचा प्रसिद्ध. तमिळमध्येही जमक्काळम् आहे. तुमच्या घरी सतरंजी कुठे संपायची आणि जमखाना कुठे सुरू व्हायचा? लांबी-रुंदीवरून, की नक्षीवरून? आमच्याकडे एवढाच नियम होता, की जमखान्यावर चप्पल घालून गेलं की पाठीत धपाटा, सतरंजीवर गेलं तर नुसती हाक.