फेल रेस: हवामान चांगलं असलं तरी रेनपँट, नकाशा, शिट्टी सगळं न्यावंच लागतं का?

साताऱ्याची_पोर

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची, तीन वर्षं झाली इंग्लंडमध्ये प्रेस्टनला राहते. यंदा दोन छोट्या फेल रेस, म्हणजे इथल्या उघड्या डोंगरांवरून धावायच्या शर्यती, केल्या आणि आता लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांतल्या, ऑक्टोबरमधल्या लँगडेल हॉर्सशू रेसला नाव घातलंय. साधारण 21 किलोमीटर, 1400 मीटरहून जास्त चढ. लांब पल्ल्याची ही पहिलीच.

सक्तीच्या सामानाची यादी वाचून गोंधळले आहे. वॉटरप्रूफ जॅकेट हवं, त्याची टोपी जोडलेलीच हवी, शिवणींना आतून टेप हवी. शिवाय वॉटरप्रूफ पँट, कानटोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि अडीअडचणीला खाऊ. माझ्याकडे छान हलकं विंडचीटर आहे, मुठीत मावतं. ते चालणार नाही का? नकाशा फोनमध्ये आहेच. सातारा हिल हाफ मॅरेथॉन मी तीन वेळा धावले आहे, यवतेश्वरच्या घाटात धो धो पावसात नुसत्या टी-शर्टवर. पावसाची मला सवय आहे. अंदाज स्वच्छ उन्हाचा असला तरी हे सगळं ओझं न्यायचं?

केंडलकर

ताई, न्यायचं. सगळं. मी बारा वर्षं या डोंगरांत धावतोय आणि पहिल्या दोन वर्षांत मलाही तुमच्यासारखंच वाटायचं. मी कोल्हापूरचा, पाऊस आम्हालाही नवा नव्हता. पण आपला पाऊस कोमट असतो. इथे खाली गाडीतळावर 13 अंश असताना 900 मीटरवर 7 असतात, वर वारा. त्यात कपडे भिजले की संपलं, कारण पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं.

आणि मुख्य गोष्ट अशी, की हे सामान धावण्यासाठी नाहीच. धावताना तुमचं शरीर भट्टीसारखं तापलेलं असतं, टी-शर्टवरही भागतं. हे सामान थांबल्यावरचं आहे.

माझं सांगतो. रेसचं नाव घेत नाही. सप्टेंबर महिना, सुरुवातीला लख्ख ऊन. दुसऱ्या शिखरावरून उतरताना ओल्या गवताखालच्या दगडावर पाय गेला आणि घोटा मुरगळला, असा की टेकवेना. एका धोंड्याच्या आडोशाला बसलो. तोवर ढग खाली आला होता आणि बारीक पाऊस लागला होता. मागून येणारी एक बाई थांबली. तिने तिचे जादा हातमोजे मला दिले आणि पुढच्या चेकपॉइंटवर निरोप द्यायला गेली. दहाएक मिनिटांत हुडहुडी भरली. जॅकेट मी चढावरच घातलं होतं, पण रेनपँट अजून बॅगेत होती. बॅगेची चेन उघडायला गेलो तर बोटं वळेनात. चेनचा तो पत्र्याचा तुकडा चिमटीत धरताच येईना. शेवटी दातांनी ओढून उघडली. पँट चढवायला मला किती वेळ लागला असेल, कोण जाणे. बचाव पथक यायला पावणेदोन तास लागले, आणि ती सगळी माणसं बिनपगारी स्वयंसेवक, आपापली कामं टाकून आलेली. त्यांच्यातल्या एकीने मला सांगितलं की पँट नसती तर चित्र वेगळं असतं. ते मी विसरलेलो नाही.

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक चेनला जाड दोरीचा मोठा फासा बांधलेला आहे. हातमोजे घालूनही ओढता येतो. तुम्हीही बांधा.

विंडचीटरबद्दल: ते वारा अडवतं, पाणी नाही. घरात तपासून बघा. आत कोरडा सुती शर्ट, वर जॅकेट, आणि पाच मिनिटं शॉवरखाली उभ्या राहा. शर्ट खांद्यावर नाहीतर शिवणीच्या रेषेत ओला झाला तर ते जॅकेट कामाचं नाही.

फोन: ओल्या, गार बोटांनी स्क्रीन चालत नाही, आणि थंडीत बॅटरी बघता बघता बसते. लँगडेलला एस्क हॉज नावाची खिंड लागते. तिथून चार दिशांना चार खोरी उतरतात. धुक्यात चुकीच्या वाटेला लागलात तर भलत्याच गावी पोचता, आणि तिथून गाडीने परत यायलाही बराच वळसा आहे. नकाशा आणि होकायंत्र घेऊन आधी एखाद्या रविवारी तो टप्पा चालून या.

खिंडीतला_पहारेकरी

वरच्या दादांशी शंभर टक्के सहमत. मी तीन-चार रेसना सामान तपासायला उभा असतो. एखादी वस्तू कमी असली की माणसाला परत पाठवावं लागतं, आणि काही ठिकाणी शेवटच्या रेषेवरही तपासतात. वाईट वाटतं, पण 1978 मध्ये यॉर्कशायरच्या थ्री पीक्स रेसमध्ये एक धावपटू थंडीने गेला, त्या काळापासून हे नियम हळूहळू कडक होत आले आहेत.

आणखी एक, यादीत नसलेलं. अर्ध्यात सोडली तर आयोजकांना सांगितल्याशिवाय घरी जायचं नाही. 2012 मध्ये बटरमिअरच्या रेसमध्ये एक धावपटू परतला नाही, आणि तो बेपत्ता आहे हे कळायलाच वेळ गेला. म्हणून चेकपॉइंटवर आम्ही तुमचा नंबर ओरडून विचारतो. नंबर पुढच्या बाजूला, दिसेल असा लावा.

शिट्टी: मिनिटभरात सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. उत्तर आलं तरी वाजवत राहा, कारण आवाजावरूनच शोधतात.

पुणेकर_पळतोय

मी भारतातच असतो, फेल रेस केलेली नाही. पण 2021 च्या मे महिन्यात चीनमध्ये गान्सूला 100 किलोमीटरची रेस होती, ती बातमी अजून डोक्यात आहे. 172 जण धावत होते. अचानक गारा, गारठलेला पाऊस, सोसाट्याचा वारा. 21 जण गेले, त्यांत देशातले अव्वल धावपटू होते. तिथे वारारोधक जॅकेट सक्तीचं नव्हतं. एका मेंढपाळाने सहा जणांना गुहेत नेऊन शेकोटी पेटवली, म्हणून ते वाचले.

साताऱ्याची_पोर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री शॉवरखाली उभी राहिले. तीन मिनिटांत डावा खांदा गार पडला, पाठीवर शिवणीच्या रेषेत ओला पट्टा. आज टेपवालं जॅकेट आणि पँट घेतली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही मिळून 340 ग्रॅम भरली. चेनला नाडी बांधून झाली. केंडलकर दादा, येत्या रविवारी एस्क हॉजला जायचा विचार आहे, पण होकायंत्र मला नीट येत नाही. तुम्ही त्या बाजूला असाल तर सोबत येऊ का?

केंडलकर

या. सकाळी आठ वाजता लँगडेलमधल्या ओल्ड डंजन गिल हॉटेलच्या गाडीतळावर. सगळं सामान घेऊन या, वर गेल्यावर बॅगेतून काढून घालायचा सराव करू.