कृता (Krita) या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोदक पसरट का होतो?

प्रश्न: बडोद्यातल्या गणेश मंडळाचं पोस्टर करतोय. लिनक्स, प्लाझ्मा डेस्कटॉप, १९२०×१०८० चे दोन मॉनिटर, १६:१० (रुंदी:उंची) चा पेन टॅब्लेट. गोल काढला की आडवा ताणला जातो.

उत्तर १: टॅब्लेट दोन्ही मॉनिटरवर पसरलाय. मिळून ३८४०×१०८०, म्हणजे सव्वादोनपट ताण. सिस्टीम सेटिंग्जमध्ये ड्रॉइंग टॅब्लेट उघडा, एकच मॉनिटर निवडा. कृतात काही बदलू नका.

उत्तर २: तेवढ्यानं भागणार नाही दादा. पडदा १६:९ चा, त्यामुळे ११ टक्के पसरटपणा उरतोच. टॅब्लेटचं क्षेत्र १०×६.२५ इंच असेल तर उंची ५.६ करा, खालची पट्टी वाया जाऊ दे. मग गोल नीट येतो का ते तपासायला टॅब्लेटवर प्लास्टिकचं गोल झाकण ठेवून कडेनं पेन फिरवा. नाणं नको, धातूनं पेनचा सिग्नल बिघडतो.