पायथनमधून निओफोरजे (ग्राफ डेटाबेस) कनेक्ट होत नाहीये

प्रश्न: ब्राउझरमध्ये ७४७४ पोर्टवर निओफोरजे मस्त उघडतंय पण पायथन ड्रायव्हरला (कोडमधून डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) तोच पत्ता दिला की कनेक्शनच होत नाही, दोन दिवस यातच अडकलोय, सांगा ना कुणीतरी.

उत्तर: ७४७४ एचटीटीपीचा पोर्ट आहे हो, ड्रायव्हर बोल्ट या निओफोरजेच्या वेगळ्या प्रोटोकॉलने बोलतो, त्याला ७६८७ द्या.

उत्तर: अजून एक, ड्रायव्हर ऑब्जेक्ट अ‍ॅप सुरू होताना एकदाच बनवा, त्याच्या आत कनेक्शन पूल (उघडून ठेवलेली, पुन्हा पुन्हा वापरायची कनेक्शन्स) असतो, दर रिक्वेस्टला नवीन बनवलात तर सगळं स्लो होणार. सेशन (ड्रायव्हरकडून एका कामापुरतं उघडलेलं) मात्र हलकं असतं, काम झालं की बंद करायचं, आणि दोन थ्रेडमध्ये एकच सेशन अजिबात वापरू नका.

प्रश्नकर्ता: ७६८७ टाकलं, लगेच चाललं! खूप आभार. मी प्रत्येक फंक्शनमध्ये ड्रायव्हर बनवत होतो, ते आत्ताच बदलतो.