मदत हवी आहे: रात्री माशांच्या टाकीतून टक्-टक् आवाज. पिस्तूल कोळंबी (नांगी झटकन मिटून आवाज करणारी) की मँटिस (शंख फोडून खाणारा, कोळंबीसारखा प्राणी)?

नेरूळला घरी 150 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, आठ महिने झाले. दोन क्लाउनफिश, थोडे झोअँथिड (प्रवाळासारखे मऊ जीव), पाच-सहा गोगलगायी. हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारा खेकडा) एकही नाही. खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) 1.025, तापमान 26 अंश.

पंधरा दिवसांपूर्वी नवा लाइव्ह रॉक (जिवंत जीव वसलेला समुद्री दगड) टाकला. तेव्हापासून दिवे बंद झाले की टक्... टक्, काचेवर नखाने टिचकी मारावी तसं. पहिल्या रात्री वाटलं काचच तडकतेय, फडका घेऊन बसलो होतो! पिस्तूल कोळंबी असेल तर राहू दे बापडी. पण काल एक गोगलगाय मेलेली मिळाली. शंख तोंडाशी फुटलेला, आत साफ रिकामा.

लाल टॉर्चने दोन रात्री पाहिलं. दगडातल्या बिळाच्या तोंडाशी फक्त मिशा हलताना दिसल्या, प्रकाश जवळ नेला की आत. बाटलीच्या सापळ्यात सोललेली कोळंबी ठेवली, तर सकाळी नुसते ब्रिसल वर्म (केसाळ समुद्री किडे). दगड एपॉक्सीने चिकटवलाय आणि त्यावर झोअँथिड पसरलेत, त्यामुळे बाहेर काढणं नको आहे.

तर दगड न हलवता, नुसतं पाहून-ऐकून हे दोघे वेगळे कसे ओळखायचे? आणि मँटिसच निघाला, तर बिळाबाहेर कसा काढायचा?